नवोदयच्या मायग्रेशनला मुलीला वर्षभर यूपीला पाठवावं का? अनुभव असलेल्यांनी सांगा

औश्याची_आई

नमस्कार. मुलगी सहावीपासून नवोदयला (केंद्र सरकारची निवासी शाळा) आहे, आता नववीत गेली आणि मायग्रेशनच्या यादीत तिचं नाव आलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नवोदयमधे नववीची तीस टक्के पोरं एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, आपली हिंदीवाल्या राज्यात आणि तिकडची आपल्याकडं. आमची यूपीला जातात. सोबत सर असतात, राहणं खाणं सगळं शाळेचं, पैशाचा प्रश्न नाही.

पोरगी जायचंच म्हणायली, हट्ट धरून बसलीय. घरात मात्र तीन तोंडं तीन दिशेला. सासूबाई म्हणतात लेकराला देशोधडीला लावायलात. मोठे दीर म्हणतात लातूरला लोक आठवीपासून फाउंडेशनच्या क्लासला पोरं घालायलेत आणि तुम्ही नववीचं वर्ष पाण्यात घालायलात, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचं काय करणार. हे म्हणतात बघू दे की दुनिया, चार हाल सोसले तर डोकं उघडतं. आणि मी मधे. माझं स्वतःचं म्हणाल तर औसा ते लातूर वीस किलोमीटर, पंढरपूर, तुळजापूर, एकदा बहिणीकडं पुण्याला, झालं, एवढीच माझी दुनिया, त्यामुळं मला काही सांगताच येत नाही तिला.

खरंच असं परमुलखात राहून, अडचणी सोसून लेकरांचा बघायचा दृष्टिकोन बदलतो का, का ही नुसती भाषणात बोलायची गोष्ट आहे? कोणी गेलेलं असेल तर खरं खरं सांगा.

मायग्रेटेड_२००६

ताई, मी गेलो होतो, आयडीवरनं कळलंच असेल. जरा लांबण लागणार आहे, सहन करा.

पहिल्याच दिवशी गोंधळ. आत गेल्या गेल्या बोर्ड, 'निःशुल्क आवासीय शिक्षा'. आम्ही वीस-बावीस पोरं, त्यातला एक म्हणला, आरं इथं मार बी फुकट आहे का. हसून हसून पोट दुखायलं आणि तिकडची पोरं आमच्याकडं बघायली की ह्यांना काय झालं. मग आठवडाभरानं एकजण मला चिडवायला लागला तर मी रागानं म्हणलो 'मेरी चेष्टा मत कर', हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, तो बिचारा नुसता बघतच राहिला. गंमत म्हणजे तिकडच्या पोरांना तिसरी भाषा मराठी असते, त्यासाठी मराठीचे सर असतात, तर ती पोरं आम्हाला येऊन विचारायची 'ळ' कसा म्हणायचा, आणि तो 'ळ' त्यांना वर्षभरात काही जमला नाही.

हाल म्हणाल तर झाले. सरसोच्या तेलाचा वास, पहिले पंधरा दिवस मी भात आणि केळावर काढले. आणि थंडी. आपल्याकडं जानेवारीत स्वेटर घालून आपण लई थंडी म्हणतो ना, तिकडं धुकं पडलं की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, धुतलेलं बनियन चार दिवस वाळत नाही, मग ओलंच अंगात घालायचं आणि अंगाच्या गरमीनं वाळवायचं. आईची गोधडी होती म्हणून निभावलो, एका गोधडीत दोघं झोपायचो.

वेळा अमावस्येला, म्हणजे आपल्याकडच्या शेतातल्या सणाला, सगळेच रडले. आईनं ज्वारीचं पीठ पार्सलनं पाठवलं होतं, अंबिल करायला, तिकडं ज्वारी कोण खातंय, दुकानात पीठ मिळायचा सवाल नाही. तर ते पार्सल आलं अमावस्या होऊन नऊ दिवसांनी. तरी केली. मेसच्या महाराजाकडून दही मागून घेतलं, लसूण मागितला, प्लास्टिकच्या बादलीत घुसळली. तिकडची पोरं भोवती गोळा, 'मट्ठे में आटा?' करून तोंडं वाकडी केली आणि मग अर्धी बादली त्यांनीच संपवली. संक्रांतीला मग त्यांनी आम्हाला खिचडी खाऊ घातली, त्यांच्याकडं त्या सणालाच खिचडी म्हणतात.

आता मेन गोष्ट, जी मी फार लोकांना सांगत नाही. माझं आडनाव ऐकलं की आमच्या गावात पुढचं काही विचारायची गरज पडत नाही, समोरच्याचा आवाजच बदलतो. तिथं पहिल्या रात्री शेजारच्या कॉटवरच्यानं विचारलं, पूरा नाम बताओ. सांगितलं. तो जरा वेळ विचार करून म्हणला, 'ये कौन होते हैं?' मी म्हणलो, महाराष्ट्रवाले. झालं, वर्षभर मी महाराष्ट्रवाला. माझ्या आडनावातनं त्यांना काहीच कळत नव्हतं हो ताई, चौदा वर्षांत पहिल्यांदा. पण तिथंच एक पोरगा होता, नावापुढं नुसतं कुमार लावायचा, आडनाव विचारलं की विषय बदलायचा. त्याचं मला बरोबर कळालं, बाकीच्या आपल्या पोरांना कळालं नाही. परत आलो, एसटीतनं फाट्यावर उतरलो, तर पारावर बसलेल्या म्हाताऱ्यानं पहिला प्रश्न काय विचारावा, 'कुणाचा रे तू?' आधी पण विचारायचे, तेव्हा कधी टोचलं नव्हतं. दृष्टिकोन बदलणं म्हणजे हेच असेल तर बदलला, पण त्यानं मी खुश झालो असं काही म्हणता येत नाही, उलट दोन वर्षं घरात नीट बोलत नव्हतो.

आणि मार्कांचं पण सांगून ठेवतो, मला दहावीला ८१ टक्के पडले, चुलत भाऊ गेला नव्हता त्याला ९२. तुमच्या दिरांना हे दाखवू नका.

कोयत्याचा_पोरगा

ह्या धाग्यावर 'हाल सोसल्याशिवाय माणूस घडत नाही' असं कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच लिहितो.

मी बीड जिल्ह्यातला, आईबाप ऊसतोड. तिसरी ते सहावी चार हंगाम मी त्यांच्यासोबत फडावर होतो, बेळगावकडं. दिवाळी झाली की टायरगाडीत संसार टाकायचा आणि निघायचं, परत यायचं मार्च-एप्रिलात. राहायचं कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. आई तीनला उठून भाकरी करून तोडणीला, मी बहिणीला सांभाळायचो आणि दुपारी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायला बसायचो. दुकानदार कानडी, मीठ मागायचं तर 'उप्पु' म्हणायचं, पैसे मोजायला ओंदु एरडु मूरु. म्हणजे दुसरी भाषा झाली, दुसरा मुलूख झाला, हाल तर विचारूच नका, पण त्याला कोणी एक्सपोजर म्हणलं नाही बघा. शिकलो काय? मुकादम दिसला की गप बसायचं. उचल, म्हणजे त्याच्याकडनं आधी घेतलेले पैसे, फिटली का नाही ह्याचा हिशोब बोटावर करायचा. आणि गावाकडं आलो की वर्गात बाकीची पोरं कुठल्या धड्यावर आहेत ते चोरून बघायचं.

सातवीला आजीपाशी राहिलो, गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं होतं, तिथं जेवायचो. पोटभर खाऊन एका जागी सलग झोप मिळायला लागली तेव्हा कुठं कळायला लागलं की मी फडावर काय काय बघितलंय. आईच्या डोक्यावरची मोळी मी चार वर्षं रोज बघत होतो, पण ती केवढी जड असते हे मला कळालं ते गावात बसून, निबंध लिहिताना.

ताई तुमच्या लेकीला कॉट आहे, मेस आहे, सर आहेत आणि वर्षानं यायचं तिकीट आहे. बिनधास्त पाठवा. फक्त तुमच्या मालकांना सांगा की हालानं डोकं उघडतं हे वाक्य आमच्याकडच्या लोकांसमोर बोलू नका.

औश्याची_आई

दादा, तुमचं वाचून मलाच ओशाळल्यासारखं झालं. ह्यांना वाचायला दिलं, ते बराच वेळ मोबाईल हातात घेऊन बसले होते.

२००६ वाले दादा, तुमचं आडनावाचं वाचलं. आमच्या घरात त्या बाबतीत कधी काही सोसावं लागलं नाही, म्हणूनच बहुतेक ते कधी डोक्यात आलं नाही. पोरीला सांगावं का आधी, का तिचं तिलाच कळू द्यावं?

गोदाकाठ_नांदेड

वय ६८, टायपिंगच्या चुका माफ करा.

सासूबाई परमुलखाला भितात त्याचं मला नवल वाटतं. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दू मीडियमला शिकले. घरात मराठी, शाळेत उर्दू, बाजारात दखनी आणि आजोळ कंधारकडं असल्यामुळं तेलुगू कानावरनं गेलेली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, पुढं कारभाराची भाषा बदलली, पण वडील मरेपर्यंत वहीत हिशोब उर्दूतच लिहायचे, आम्हा भावांना वाटणीच्या वेळी ती वही वाचायला गल्लीतल्या मौलवीसाहेबांकडं जावं लागलं, आणि त्यांनी एक बाकी आमच्याच नावावर निघते असं दाखवून दिलं ते वेगळं. आमच्या नांदेडात सरदारजी अस्सल मराठी बोलतात, सचखंड एक्सप्रेस रोज अमृतसरला जाते, आणि गुरुद्वाऱ्याच्या लंगरला आम्ही लहानपणी शाळेतनं परस्पर जायचो. आणि ज्यांनी आपला मराठवाडा सोडवला ते स्वामी रामानंद तीर्थ कुठले? सिंदगीचे, विजापूर जिल्ह्यातले. हिप्परग्याला मास्तर म्हणून आले. अंबाजोगाईला शिकवलं. त्यांच्या आईनं देशोधडी म्हणलं असतं तर?

तुमची वेळा अमावस्या तरी कुठनं आली, नाव कानडीतनंच आलंय म्हणतात. सांगा सासूबाईंना.

परभणी_ममता

सगळे पाठवा पाठवा म्हणायलेत म्हणून दुसरी बाजू. माझा मुलगा गेला होता, कुठल्या शाळेत ते लिहीत नाही. पहिल्या दोन महिन्यांत सहा किलोनं उतरला, कावीळ झाली होती आणि आम्हाला कळवलं ते बरा झाल्यावर. त्याचा स्वभाव मुळातच न बोलणारा. फोनवर 'ठीक आहे' एवढंच म्हणायचा, आम्ही समजलो ठीक आहे. परत आल्यावर तर आणखीनच गप्प झाला. आज इंजिनिअरिंगला आहे, मित्र तिकडचेच जास्त, सुट्टीत गोरखपूरला मित्राच्या बहिणीच्या लग्नाला जाऊन आला, म्हणजे वाईटच झालं असं नाही. पण ते पहिले दोन महिने आठवले की मला अजून झोप लागत नाही. तुमची मुलगी दुखलं-खुपलं तोंडानं सांगणारी आहे का, तेवढं बघा. दुनिया बघणं नंतर.

मायग्रेटेड_२००६

ममताताईंचं शंभर टक्के बरोबर. आमच्यातला पण एक तीन महिन्यांत परत गेला, आम्ही त्याला भित्रा म्हणलो, आता वाटतं त्याला आमच्यापैकी कोणी एकदा तरी विचारायला पाहिजे होतं की बाबा काय होतंय.

ताई, पोरीला आधी काही सांगू नका. एवढंच सांगा की कोणी आडनाव लपवायला लागलं तर खोदून विचारायचं नाही. आणि पाणी उकळलेलं.

औश्याची_आई

ममताताई, आमची पोरगी सुई टोचली तरी गल्लीला सांगणारी आहे, त्या बाबतीत काळजी नाही. पाठवायचं ठरलंय. दीर अजून बोलत नाहीत.

सासूबाईंना काकांचं वाचून दाखवलं, त्या म्हणल्या माझे सासरे बी उर्दू शिकलेले होते की, हे मला लग्नाला सतरा वर्षं होऊन आज कळायलंय. मग २००६ वाल्या दादांची बादलीची गोष्ट वाचली. त्यावर काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी परातीत ज्वारी घेऊन निवडत बसल्या. आता दळून आत्ताच पोरीच्या बॅगेत द्यायची म्हणायल्यात. टिकेल का डिसेंबरपर्यंत?

मायग्रेटेड_२००६

नाही टिकणार, महिनाभरात कडू होतं पीठ. अमावस्येच्या पंधरा दिवस आधी ताजं दळून पोस्टानं लावा, पंधरा म्हणजे पंधरा. आणि लसूण पण टाका त्यात, तिकडचा महाराज चारच पाकळ्या देतो.