मदत हवी आहे: टीव्हीच्या संदर्भात 'ऑडियन्स' आणि 'व्ह्यूअर', दोन्हींना 'प्रेक्षक'च म्हणायचं का?

नमस्कार मंडळी,

पत्रकारितेची पदविका मराठी माध्यमातून करणाऱ्या मुलांसाठी टीव्ही रेटिंगवरचं एक इंग्रजी प्रकरण मराठीत आणते आहे. चार दिवस एकाच शब्दावर अडले आहे: ऑडियन्स.

आधी सगळीकडे 'प्रेक्षक' लिहीत गेले. पण मूळ मजकुरात 'ऑडियन्स' आणि 'व्ह्यूअर' शेजारी शेजारी येतात आणि दोघांचा अर्थ वेगळा आहे. एका उदाहरणात निवेदक आधी 'स्टुडिओ ऑडियन्स'चं स्वागत करतो, मग 'व्ह्यूअर्स'शी बोलतो. माझ्या मराठीत तो प्रेक्षकांचं स्वागत करून पुन्हा प्रेक्षकांशीच बोलतो आहे.

'दर्शक' लिहून पाहिलं. पण तो हिंदी बातम्यांतला वाटतो. शिवाय आपल्याकडे दर्शक म्हणजे दाखवणारा: दिशादर्शक, मार्गदर्शक. 'बघणारे' म्हणावं, तर अपघाताभोवती जमलेले 'बघे' आठवतात.

त्याहून अवघड म्हणजे 'ॲव्हरेज मिनिट ऑडियन्स'. मी 'सरासरी मिनिट प्रेक्षक' लिहिलं आणि माझं मलाच कळेना. ही मुलं पुढे वाहिन्यांत काम करणार आहेत, त्यांच्या हाती चुकीचा शब्द द्यायचा नाही. कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, तुमची अडचण खरी आहे. इंग्रजीत 'व्ह्यूअर' म्हणजे एकटा माणूस. 'ऑडियन्स' हा समूह. एकट्या माणसाला कुणी ऑडियन्स म्हणत नाही. आपला 'प्रेक्षक' प्रत्यय नसेल तेव्हा एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच राहतो, त्यामुळे एक की हजार हे क्रियापदावरूनच कळतं. बोलताना आपण 'आजचा ऑडियन्स छान होता' असं एकवचनी म्हणतो ते याचमुळे, तिथे समूहच मनात असतो.

म्हणून मी तीन शब्द वापरतो. माणूस असेल तर प्रेक्षक, समूह असेल तर प्रेक्षकवर्ग, आणि आकडा असेल तर प्रेक्षकसंख्या. तुमच्या निवेदकाला 'इथे समोर बसलेले' आणि 'घरून पाहणारे' असं बोलू द्या. माणसं तसंच बोलतात.

ॲव्हरेज मिनिट ऑडियन्स हा आकडा आहे. समजा, ३० मिनिटांची मालिका १० जणांनी लावली. चौघांनी पूर्ण पाहिली, म्हणजे १२० मिनिटं. सहा जणांनी दहा-दहा मिनिटं पाहून वाहिनी बदलली, म्हणजे ६०. एकूण १८० मिनिटं. त्याला ३० ने भागलं की ६. मालिका १० जणांपर्यंत पोचली, ही झाली 'रीच', पण कोणत्याही एका मिनिटाला सरासरी सहाच जण पाहत होते. 'दर मिनिटाची सरासरी प्रेक्षकसंख्या' असं लिहा. लांब आहे, पण चुकीचं नाही. आणि ज्या गटाचं मोजमाप चाललं आहे त्यात २०० माणसं असतील, तर सहा म्हणजे ३ टक्के. तो झाला टीआरपी. 'टीआरपी'चं भाषांतर मात्र करू नका, तो आता घराघरात बोलला जातो.

प्रतिसाद

वरच्या उत्तराला एक जोड. 'ऑडियन्स'चं मूळ लॅटिनमध्ये ऐकण्याच्या क्रियापदात आहे. राजाकडे 'ऑडियन्स' मिळणं म्हणजे त्याने तुमचं म्हणणं ऐकून घेणं. आपण मात्र आकाशवाणीला 'श्रोते' आणि टीव्हीला 'प्रेक्षक' अशी कान-डोळ्यांची वाटणी केली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा 'प्रेक्षक' हा शब्द नाटकाने तयारच ठेवला होता. तो 'ईक्ष्', म्हणजे पाहणे, या धातूवरून आलेला.

गंमत अशी की टीव्ही रेटिंग मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेने निवडक घरांत बसवलेला मीटर कोणती वाहिनी चालू आहे हे आवाजावरूनच ओळखतो. वाहिनीच्या आवाजात एक खूण मिसळलेली असते, ती माणसाला ऐकू येत नाही, मीटरला येते. समोर कोण बसलं आहे ते घरातली माणसं रिमोटवरचं आपापलं बटण दाबून सांगतात.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. दहा जणांचं उदाहरण जसंच्या तसं प्रकरणात घेऊ का? आणि 'टार्गेट ऑडियन्स'ला मी 'लक्ष्यगट' लिहिलं आहे. जाहिरात क्षेत्रात तो चालतो का, तेवढं सांगा.