एक स्ट्राँग बाटली, मग सायकल?

प्रश्न : इंदुरात पलासियाहून सुदामानगर, रात्री अकरा. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर झाल्यावर सायकल चालेल ना? चलान तर होत नाही.

उत्तर १ : मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं) मोटारवाहनांसाठी आहे, खरं. पण आठ टक्क्यांच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल. यकृत तासाला सात-आठ ग्रॅमच काढतं. म्हणजे पाच-सहा तास. लिंबूपाणी, कॉफीने काडीचाही फरक पडत नाही.

उत्तर २ : तोल जातो तो सावकाश वळताना. घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला की माणूस हँडलवरून पुढे! फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही खांबाला कुलपाने बांधा, दिवे काढून खिशात घाला, रिक्षाने जा.

प्रश्नकर्ता : हातात धरून चालत नेली तर?

उत्तर २ : सोबत कोणी शुद्धीत असेल तरच, भाऊ. मागचा लाल दिवा चालू ठेवा.