मदत हवी आहे: एकच मणी, चार गळे, नियम कोणता?

नमस्कार मंडळी. धाराशिवहून लिहितेय. एक अद्भुत (फँटसी) कादंबरी लिहायला घेतलीय आणि तिसऱ्या प्रकरणात पार अडकलेय.

काळ १९७२ च्या दुष्काळाचा. तेरजवळ नालाबंडिंगच्या कामावर एका बाईला पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या जागेच्या) मातीत अकीक दगडाचा मणी सापडतो. (तेर म्हणजे सातवाहनांच्या काळचं तगर. तिथं जुने मणी खरंच निघालेत, तिथल्या संग्रहालयात बघायला मिळतात.) मणी गळ्यात घातला की जमिनीखालचं पाणी ऐकू येतं. पुढं तो गावच्या पाणाड्याकडं जातो. त्यालाही पाणी ऐकू येतं, पण त्याची स्वतःची तहान भागेनाशी होते. सावकाराला फक्त दुसऱ्यांच्या विहिरी ऐकू येतात. बाईची सात वर्षांची लेक घालते, तर तिला काहीच होत नाही.

मैत्रिणीनं वाचून विचारलं, "तुला हवं तसा मणी वागतोय. त्याचा स्वतःचा काही कायदा आहे का?" तिचं बरोबर आहे, म्हणून जास्त लागलं.

टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या जादूच्या अंगठीला कायदा आहे. बिल्बो ती घालून अदृश्य होतो, टॉम बॉम्बाडिल मात्र घालूनही दिसत राहतो. बिल्बोच्या आधी ती ज्याच्याकडं होती, त्या गॉलमनं ती खून करून मिळवली. बिल्बोनं हाती येताच गॉलमला मारायची संधी सोडली, दया केली, आणि साठ वर्षं बाळगूनही शेवटी ती मागं ठेवून तो जाऊ शकला. म्हणजे घालणारा कोण आणि वस्तू त्याच्याकडं आली कशी, यावर सगळं ठरतं.

आपल्याकडं स्यमंतक मणी आहे. आजी दर गणेश चतुर्थीला त्याची गोष्ट सांगायची. रोज आठ भार सोनं देणारा मणी, पण अशुचि अवस्थेत घातला म्हणून प्रसेनाचा जीव गेला, सिंहानं मारलं त्याला. आधी हाच शुचितेचा नियम उचलणार होते. मग माझ्या बाईकडं पाहिलं. दिवसभर माती उपसते, संध्याकाळी कामावर मिळालेली सुकडी (दुष्काळात वाटायचे तो कोरडा खाऊ) घेऊन घरी येते, आंघोळीला घागरभर पाणी नाही. शुचितेचा नियम लावला तर मणी पहिला तिलाच मारणार! तो नियम मला दुष्काळात लावायचाच नाही.

सध्या असं सुचतंय की, गळ्यात घालणारा कुणाच्या तहानेसाठी पाणी शोधतोय, ते मणी ओळखतो. बाई लेकरासाठी शोधते, पाणाड्या नावासाठी, सावकार कर्जाखालच्या जमिनींसाठी. हे तिघांना बसतं. लेकीला बसत नाही. ती तर स्वतःच तहानलेली आहे, मग तिला का ऐकू येऊ नये? बॉम्बाडिलसारखी ती मण्याच्या पलीकडची ठेवू, की तिचं प्रकरणच काढून टाकू?

आणि हा नियम कुणाच्या तोंडून सांगावा, की वाचकालाच उमगू द्यावा? ज्यांनी असं काही लिहिलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. प्रकरणाचा मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठवीन.