कॉलेजच्या ओपन सोर्स गटात प्रमाणपत्रं द्यावीत का?

सेमीकोलन (धागाकर्ता)
आमच्या कॉलेजात ओपन सोर्स गट (ज्यांचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवर काम करणारा) यंदा तिसऱ्यांदा सुरू होतोय. आधीचे दोन्ही गट वर्षभरही तगले नाहीत. दोन्ही वेळा सुरुवात सारखीच झाली: हॉल भरून गर्दी, लिनक्स इन्स्टॉल करून देणं, गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कार्यशाळा आणि शेवटी प्रमाणपत्र. ते हातात पडलं, की पुढच्या आठवड्यात चार डोकी.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: प्रमाणपत्र नको, गुण नकोत, टी-शर्टही नको. आपण स्वतः रोज वापरतो असं एकच सॉफ्टवेअर निवडावं आणि वर्षभर त्याच्याच मागे लागावं. व्हीएलसी हे व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर १९९६ मध्ये फ्रान्समधल्या एकोल सांत्राल या कॉलेजात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झालं, कारण त्यांना कॉलेजच्या नेटवर्कवर व्हिडिओ पाहायचा होता. २००१ मध्ये ते जीपीएल या, कोड सर्वांना वापरू-बदलू देणाऱ्या परवान्याखाली खुलं झालं. गरज स्वतःची होती म्हणून काम तडीस गेलं.

रात्रपाळी
मी पूर्ण विरोधात आहे.

"आवड असेल तो येईल" हे ऐकायला छान वाटतं. पण आवड जोपासायला मोकळी संध्याकाळ लागते, स्वतःचा लॅपटॉप लागतो. मी शिकत असताना संध्याकाळी काम करायचे. आठवड्याचे चार तास कुठे घालवायचे, हे मला मोजूनमापून ठरवावं लागायचं. त्या चार तासांचं दाखवण्यासारखं काहीच मिळणार नसेल, तर तुमच्या गटात ज्यांचं घर आधीच निवांत आहे तेच उरतील. आणि त्यांनाच तुम्ही "खरे स्वयंसेवक" म्हणाल.

गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम २००५ पासून विद्यार्थ्यांना ओपन सोर्स कामाचे पैसे देतोय. पैसे मिळाले म्हणून त्यांचा कोड खोटा ठरत नाही.

सेमीकोलन
पैशांबद्दल माझी तक्रार नाही. तिथे प्रस्ताव लिहावा लागतो, मार्गदर्शक असतो, काही महिने काम करावं लागतं. माझा आक्षेप मोजून वाटलेल्या बक्षिसाला आहे. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरभर चालणाऱ्या ओपन सोर्स उपक्रमात चार पुल रिक्वेस्टला (म्हणजे आपला बदल प्रकल्पात घ्या अशा विनंतीला) टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये लोकांनी रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत) एखादा शब्द घुसडून पुल रिक्वेस्टचा इतका पाऊस पाडला, की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले: ज्या प्रकल्पांची तयारी असेल तेच सहभागी होतील. त्रास कोणाला झाला? फावल्या वेळात प्रकल्प सांभाळणाऱ्यांना.

विलंबित
मी एक छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) सांभाळतो. तुमच्या वादाच्या पलीकडच्या टोकाला बसलोय म्हणून लिहितो.

कॉलेजमधून आलेली पुल रिक्वेस्ट बहुतेकदा ओळखू येते. त्यामागे प्रमाणपत्र आहे की आवड, यानं मला फरक पडत नाही. पाठवण्याआधी कॉलेजातल्या कोणीतरी ती वाचली होती का, यानं पडतो. चाचण्या चालवल्या नाहीत, योगदानाचे नियम वाचले नाहीत, हे दहा मिनिटांत कळतं आणि माझी संध्याकाळ जाते.

म्हणून गटात पहिली सवय लावा ती आतल्या रिव्ह्यूची, म्हणजे एकमेकांचं काम तपासण्याची. दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं लिहिलेलं तिसऱ्या वर्षाच्या मुलानं वाचायचं, मगच ते बाहेर जाईल. आणि कोडच कशाला हवा? जुने इश्यू (नोंदवलेल्या तक्रारी) उघडा, बग म्हणजे चूक आजच्या आवृत्तीत येते का पाहा, कोणत्या पायऱ्यांनी येते ते लिहा, लॉग (प्रोग्रॅमनं केलेली नोंद) जोडा. मला महिन्यातून असे दोन जरी मिळाले, तरी केवढा भार हलका होईल! २०१४ मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली मोठी चूक सापडली तेव्हा जगभरच्या वेबसाइट ज्या ओपनएसएसएल या माहिती गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून होत्या, त्यावर पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता. नवं लिहिणारे पुष्कळ मिळतात हो, वाचणारे मिळत नाहीत.

तास_तिसरा (शिकवते)
धागाकर्त्यांनी एक प्रश्न सोडलाय: तुम्ही पास होऊन गेल्यावर काय? लॅबची किल्ली, सर्व्हरचा पासवर्ड, कोणत्या मेंटेनरशी (प्रकल्प सांभाळणाऱ्याशी) काय बोलणं झालं, हे सगळं एका डोक्यात असतं आणि ते डोकं जूनमध्ये निघून जातं. माझ्या डोळ्यांसमोर असे गट बंद पडलेत. उत्साह होता, नोंद नव्हती.

अमेरिकेतल्या रेन्सलिअर संस्थेत २००७ पासून ओपन सोर्सचं केंद्र चालतं. तिथे विद्यार्थ्याला हे काम क्रेडिटसाठी करता येतं किंवा नुसत्या अनुभवासाठीही. क्रेडिट म्हटलं की वेळापत्रकात जागा मिळते, खोली मिळते, जबाबदार शिक्षक मिळतो. मला ते महत्त्वाचं वाटतं.

सेमीकोलन
नोंदीचं पटलं. दुसऱ्या सत्रापासून प्रत्येक जबाबदारीवर दोघं ठेवू, त्यातला एक कनिष्ठ वर्षाचा. आतला रिव्ह्यू पहिल्याच आठवड्यापासून. क्रेडिटला मात्र अजून नाही म्हणेन. गुण आले की हजेरी येते, आणि हजेरी आली की कामापेक्षा सही महत्त्वाची होते.

रात्रपाळी
मग निदान एवढं करा. वर्षअखेरीस प्रत्येकाला एक पत्र द्या, ज्यात त्या व्यक्तीनं कोणते इश्यू तपासले, कोणाचा कोड वाचला, काय भाषांतरित केलं ते दुव्यांसह असेल. हजेरीवर नाही, झालेल्या कामावर. आणि भेटीची वेळ संध्याकाळी सहाची ठेवू नका. माझ्यासारख्या मुली तेव्हा कामावर असतात.

सेमीकोलन
पत्राला माझी हरकत नाही. दुपारच्या सुट्टीत लॅब मिळते का, उद्या विचारतो.