होंडा एस२००० : चुकून दुसरा गिअर पडलेली गाडी घ्यावी का?

प्रश्न: २००१ची एपी१ (एस२०००ची पहिली आवृत्ती) बघतोय. मालक म्हणतो, ८००० आरपीएमला तिसऱ्यातून चौथा टाकताना दुसरा पडला, पण क्लच लगेच दाबला. आवाज नाही, चेक इंजिन लाइट नाही. रेव्ह लिमिटर (इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जाऊ न देणारी यंत्रणा) असताना काळजी कशाला?

उत्तर १: लिमिटर फक्त इंधन तोडतो. इथे चाकंच इंजिनाला फिरवतात, त्याचं काय चालणार? तिसऱ्याचं गुणोत्तर १.४८१, दुसऱ्याचं २.०४५. पेडल सुटून क्लच पूर्ण जोडला गेला असेल तर आरपीएम ११,०००च्या वर जातो. त्या वेगाला व्हॉल्व्ह बंद करणारी स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकू शकतो आणि रिटेनरला (स्प्रिंग व्हॉल्व्हला धरून ठेवणारी चकती) तडा जाऊ शकतो. तडकलेल्या रिटेनरवर गाडी बरेच दिवस गोड चालते. मग एक दिवस व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो, की पिस्टन-हेड दोन्ही गेले.

उत्तर २: नुसत्या कॉम्प्रेशन टेस्टवर (सिलिंडरमधला दाब मोजणं) विसंबू नका, तडा त्यात दिसत नाही. लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघा: थ्रॉटलमधून हवा फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. मग व्हॉल्व्ह कव्हर काढून थंड इंजिनावर क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) मोजा. इनटेक ०.२१ ते ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.२५ ते ०.२९. एखादाच व्हॉल्व्ह सैल निघाला तर तो वाकल्याचा संशय घ्या. रिटेनर मात्र स्प्रिंग उतरवूनच नीट तपासता येतात. त्या वेळी प्लगच्या भोकातून हवेचा दाब द्या, नाहीतर व्हॉल्व्ह आत घसरेल.

उत्तर ३: उतरवलेच आहेत तर एपी२चे (एस२०००ची नंतरची आवृत्ती) रिटेनर टाका, कीपरसकट (रिटेनरला व्हॉल्व्हवर अडकवणारे छोटे तुकडे). मालक कव्हर उघडू देत नसेल तर गाडी सोडा.