पाचशेपैकी पाचशे लिनक्स, पण किल्ल्या कुणाकडे?

तर्कट: नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या टॉप-५०० यादीतला एकूण एक महासंगणक लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीवर चालतो. हा आकडा सांगायचा आणि मुक्त स्रोत (कुणालाही वाचता-बदलता येणारा कोड) जिंकला म्हणून मोकळं व्हायचं, अशी रीतच पडली आहे. एआय मॉडेल घडवणारा कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, वाट्याला जातो तरी कधी? तो पायटॉर्च या एआयच्या साधनसंचात लिहितो, पायटॉर्च एनव्हिडियाच्या कुडा या सॉफ्टवेअरवर चालतं आणि कुडाचा स्रोत बंद. तळमजला सार्वजनिक, वरचे मजले खाजगी. अडवणूक वरच होते.

रात्रपाळी: कर्नलच्या वाट्याला मी जातो, क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा ताफा, सांभाळणं हेच माझं काम. हजारो जीपीयू (एआयची गणितं करणाऱ्या चिप्स) एकाच प्रशिक्षणाला जुंपले की दर फेरीत सगळ्यांना आपापले आकडे जुळवावे लागतात. एका नोडवर, म्हणजे ताफ्यातल्या एका संगणकावर, एखादी फालतू सेवा मधेच जागी झाली तर उरलेले सगळे हात बांधून बसतात. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या एएससीआय क्यू महासंगणकावर २००३ च्या सुमारास हेच झालं होतं. अशा किरकोळ सेवा आवरल्या आणि सेज नावाच्या प्रोग्रॅमचा वेग जवळपास दुप्पट झाला, नवा सुटा भागही न बसवता.

तर्कट: उदाहरण छान, पण माझ्या बाजूचं! एएससीआय क्यूवर ट्रू६४ युनिक्स होतं, म्हणजे बंद स्रोत. तरी दुरुस्ती झालीच ना?

रात्रपाळी: सापडलो, कबूल. पण तिथे मुख्यतः सेवा बंद करणं आणि हलवणं एवढंच झालं. जपानच्या फुगाकू महासंगणकाचं बघा. तिथे लिनक्सच्या शेजारी मॅककर्नल नावाचा हलका कर्नल चालवता येतो. गणना त्याला दिलेल्या प्रोसेसरच्या गाभ्यांवर (कोअरवर), फायली उघडण्यासारखी कामं लिनक्सकडे. ही वाटणी करायची तर लिनक्सचं पोट आतून माहीत लागतं. बंद कर्नलवर हे करायला कंपनीचे पाय धरावे लागले असते.

जुनी_खोड: तत्त्वाबित्त्वाचं सोडा हो. दर नोडमागे परवाना शुल्क नाही, हे खरं कारण. नाहीतर मायक्रोसॉफ्टचं महासंगणकांसाठीचं विंडोज एचपीसीही दुबळं नव्हतं. नोव्हेंबर २००८ च्या यादीत शांघायचं डॉनिंग ५०००ए त्याच्यावर चालून दहावं आलं होतं.

रात्रपाळी: फुकट म्हणून? अमेरिकेच्या फ्रंटियर महासंगणकाची प्रणाली सुसे कंपनीच्या लिनक्सवर बेतलेली, एल कॅपिटन महासंगणकाची रेड हॅटच्या. दोन्ही पैसे घेऊन आधार विकणाऱ्या कंपन्या. आणि एल कॅपिटन आलंच आहे तर, तर्कट, तुमचा वरचा मजला तिथे बंद नाही. एएमडीच्या एमआय३००ए चिप्स, त्यांच्यावर आरओसीएम, म्हणजे एएमडीचं कुडासारखं सॉफ्टवेअर, ज्याचा स्रोत बहुतांश खुला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच यंत्र १.७४२ एक्झाफ्लॉप्स (सेकंदाला १.७४२ अब्ज अब्ज गणितं) गाठून पहिलं आलं.

तर्कट: रेड हॅटचं नाव तुम्हीच काढलंत, बरं झालं. जून २०२३ मध्ये त्यांनी आरएचईएल या आपल्या लिनक्सचा स्रोत ग्राहकांपुरता राखला. बाहेरच्यांना सेंटओएस स्ट्रीम या आरएचईएलच्या आगामी आवृत्तीच्या खुल्या रूपावर समाधान मानायला सांगितलं. जीपीएल या मुक्त स्रोत परवान्याच्या चौकटीत बसवून केलं, म्हणून तर जास्त खुपतं. तीच तऱ्हा एनव्हिडियाची. मे २०२२ मध्ये जीपीयूच्या कर्नल मॉड्यूलचा, म्हणजे कर्नलला जोडलेल्या ड्रायव्हरचा, स्रोत खुला केला आणि टाळ्या मिळवल्या. पण बरंच काम आधीच चिपवरच्या जीएसपी फर्मवेअरमध्ये (चिपमध्येच चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सरकलं होतं आणि ते फर्मवेअर बंदच. कवाड उघडलं, तिजोरी आतल्या खोलीत.

रात्रपाळी: तिजोरी आतल्या खोलीत, हे मान्य. तरी कवाड उघडल्याचा फरक मला रोज जाणवतो. पूर्वी कर्नल कोसळला की माग ड्रायव्हरच्या दारापर्यंत काढायचा आणि तिथे थांबायचं. आता निदान कुठल्या ओळीवर अडलं ते वाचता येतं. रात्री तीनला नोड पडला की याचं मोल कळतं.

जुनी_खोड: म्हणजे तुमच्या क्लस्टरवर एनव्हिडियाच?

रात्रपाळी: एनव्हिडियाच. आणि हो, कुडासुद्धा.

तर्कट: 😄