‘मलहॉलंड ड्राइव्ह’ पहिल्यांदा पाहण्याआधी उलगडा वाचावा का?

धागालेखक:
डेव्हिड लिंच यांचा २००१ सालचा ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ हा चित्रपट मी गेल्या आठवड्यात प्रथमच पाहिला आणि कथानकाची एक ओळही आधी वाचली नव्हती, याचे मला फार समाधान वाटते. (ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनी इथेच थांबावे.) क्लब सिलेन्सिओ या नाट्यगृहातल्या प्रसंगात निवेदक बजावून सांगतो की इथे वाद्यवृंद नाही, ऐकू येते ते सारे ध्वनिमुद्रित आहे. तरीही गायिकेने स्पॅनिश गाणे सुरू करताच बेटी आणि रीटा या दोन नायिकांबरोबर माझेही डोळे भरून आले. आणि ती गाता गाता कोसळली, पण आवाज मात्र तसाच चालू राहिला, तेव्हा अंगावर काटा आला. आधीच सांगितलेले असूनही मी त्या आवाजावर विश्वास ठेवला होता. उलगडा वाचून बसणाऱ्याला हा धक्का कसा बसणार? म्हणून पहिल्या वेळी काहीही वाचू नये, असे माझे ठाम मत आहे.

पहिला प्रतिसाद:
मी सहमत नाही. श्रेयनामावलीच्या आधीच कॅमेरा जड श्वासांच्या आवाजात एका उशीत बुडत जातो, म्हणजे पुढचा मोठा भाग स्वप्नाचा आहे हे दिग्दर्शक तिथेच सुचवतो. मला ते कळले नाही. निळी किल्ली कशाची, अपघातातून वाचलेली ती स्त्री कोण, याचे धागे मी दोन तास जुळवत बसलो आणि तोवर बेटी असलेली नेओमी वॉट्स डायन या दुसऱ्याच स्त्रीच्या रूपात समोर आली तेव्हा केवळ चिडलो. दुसऱ्या वेळी, सारे ठाऊक असताना, बेटीचा तो भाबडा उत्साह पाहताना गलबलून आले, कारण ती डायनला व्हायचे होते तशी आहे. आणि डीव्हीडीसोबत लिंच यांनीच चित्रपट उलगडायला मदत करणारी दहा सूत्रे दिली होती, त्याचे काय?

दुसरा प्रतिसाद:
उलगड्याला एवढे महत्त्व देण्याआधी हेही लक्षात घ्यावे की हे चित्रण मुळात अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीच्या मालिकेचा पहिला भाग म्हणून झाले होते. वाहिनीने तो नाकारल्यावर फ्रेंच पैशातून नवे प्रसंग चित्रित करून त्याचा चित्रपट झाला. सुरुवातीचे पोलीस अधिकारी पुढे दिसतच नाहीत, ते या मोडतोडीमुळे, असे मला वाटते. प्रत्येक सुट्या दुव्यात गूढार्थ शोधणे मला पटत नाही.

धागालेखक:
मोडतोड मान्य आहे, पण स्वप्नातही माणसे अशीच येतात आणि नाहीशी होतात, त्यामुळे ती उणीव मला जाणवली नाही. दहा सूत्रांबद्दल म्हणाल, तर त्यांत उत्तर एकही नाही. लाल लॅम्पशेड कुठे कुठे दिसते ते पाहा, अशा धर्तीच्या त्या सूचना आहेत, म्हणजे लिंचही पुन्हा पडद्याकडेच पाहायला लावतात. दुसऱ्या वेळचे आपले गलबलणे मला मनापासून पटते. मात्र पहिल्या वेळी आपण बेटीवर निःशंक विश्वास टाकला नसता, तर ते एवढे खोल गेले असते का?

पहिला प्रतिसाद देणारे:
कदाचित गेले नसते. तरीही त्या पहिल्या चिडीनंतर मी तो पुन्हा पाहायला तीन वर्षे घेतली, आणि त्याच कारणाने अनेक जण तो दुसऱ्यांदा पाहतच नाहीत, याची मला खंत आहे.